दोन बोगद्यांच्या मधे

"भोक कुठे पाडायचं?" गाडीच्या टपावर हात फिरवत बाबांनी विचारलं.

"कुठेच नाही. चुंबक आहे अँटेनाला."

त्यांचा विश्वास बसला नाही. शेजाऱ्याकडून मागून आणलेलं ड्रिल त्यांनी खाली ठेवलं, पण हाताला येईल एवढ्याच अंतरावर.

२००५ चा मे महिना. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पिट्सबर्गला आले होते आणि मी नुकतीच हॅरिसबर्गची नोकरी धरली होती. घर हलवणं शक्य नव्हतं. नवऱ्याचं ऑफिस, मुलाची शाळा, सगळं पिट्सबर्गला. म्हणून रविवारी संध्याकाळी निघायचं आणि गुरुवारी रात्री परत यायचं. एका खेपेचे तीनेकशे किलोमीटर, पेन्सिल्वेनिया टर्नपाइक ह्या टोलच्या महामार्गावरून, तीन-सव्वातीन तास. सोबतीला १९९९ ची कॅमरी आणि तिच्यातला कॅसेट प्लेयर. माझ्याकडे कॅसेटी होत्या अकरा. दोन महिन्यांत कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे झोपेत सांगता आलं असतं.

रेडिओ होता की. पिट्सबर्ग तर रेडिओचं माहेर. १९२० च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगत केडीकेए हे केंद्र सुरू झालं ते इथूनच. पण ते मध्यम लहरींवरचं. मला हवं होतं संगीत, आणि ते एफएमवर. एफएमच्या लहरी डोंगराला वळसा घालून येत नाहीत, आणि टर्नपाइक जातो तो एकामागून एक डोंगररांगा ओलांडत. निघून तास होतो न होतो तोच व्हायोलिनमध्ये खरखर सुरू व्हायची. मग एका चढावर व्हायोलिन, पुढच्या उतारावर प्रवचन, पुन्हा चढावर व्हायोलिनचं शेपूट, असं करत करत प्रवचनाची सरशी व्हायची. बटण फिरवावं तर कंट्री संगीत, पुढे पुन्हा प्रवचन. रात्रीच्या वेळी, पावसात, मागे अठरा चाकी ट्रक लागलेला असताना बटणं फिरवत बसणं बरं नव्हे. नवरा म्हणाला, "तू सॅटेलाइट रेडिओच का नाही बसवून घेत?"

त्या वेळी दोन कंपन्या होत्या. सरकारने १९९७ साली लिलावात दोघींना आकाशातल्या लहरींचा पट्टा विकला होता, २.३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा. एकीचं नाव सिरियस. सिरियस म्हणजे आपला व्याध. तिचे तीन उपग्रह लंबगोल कक्षांमधून आळीपाळीने उत्तर गोलार्धावर रेंगाळायचे, त्यामुळे ते आकाशात बरेच वर दिसत. दुसरी एक्सएम. तिचे उपग्रह विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटरवर, जमिनीच्या हिशेबात एका जागी खिळलेले. त्यातल्या पहिल्या दोघांची नावं चक्क 'रॉक' आणि 'रोल'. बाबांना ही नावं सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आर्यभट आणि भास्कर ठेवणारे आपण उगाच गंभीर." आम्ही एक्सएम घेतला. कारण विचाराल तर कुपन. मोठे तांत्रिक निर्णय घरोघरी असेच होत असावेत.

डबा उघडला. तळहातात मावणारं यंत्र, ते बसवायची खाच, डॅशबोर्डवर चिकटवायचा पाय, सिगरेट लायटरच्या भोकात खुपसायची पिन आणि काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा अँटेना. त्याला शेपटासारखी बारीक केबल, आमच्या गाडीपेक्षा लांब.

बाबांनी तो अँटेना उलटसुलट करून बघितला. उभी हयात वीज मंडळात गेलेली, वायरमन म्हणून लागले आणि इंजिनिअरच्या खुर्चीवरून निवृत्त झाले. तरुणपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ आणला तेव्हा तांब्याच्या जाळीची पट्टी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलेली त्यांनी. "एवढाच?" ते म्हणाले. तसा सॅटेलाइट रेडिओ त्यांना नवीन नव्हता. तेव्हा भारतातही वर्ल्डस्पेस होता, आशियास्टार उपग्रहावरचा. पण तो घरातला. अँटेना खिडकीत धरून नेमकी दिशा साधायची आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही. (तो पुढे २००९ संपता संपता बंद पडला.) इथे गाडी पळणार, वळणार, आणि अँटेना मात्र आकाशाकडे तोंड करून नुसता पडून राहणार, हे त्यांना पटेना.

पुस्तिकेत लिहिलं होतं: अँटेना टपावर लावा, कडेपासून चार बोटं आत, खाली पत्रा हवा, आजूबाजूला उंच काही नको. हे सोपं. अवघड होतं ते केबल आत आणणं. बसवणं म्हणजे नव्वद टक्के केबल लपवणं, हे त्या शनिवारी कळलं. टपाच्या मागच्या भागातून काचेच्या कडेने खाली, डिकीच्या रबराखालून आत (इथे ट्रंक म्हणतात, माझ्या तोंडी डिकीच बसलंय), मागच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून पुढे आणि डॅशबोर्डच्या पोटातून वर.

डिकीच्या रबराशी बाबा थांबले. "कुठूनही नाही घ्यायची. झाकण जिथे जोरात बसतं तिथे केबल चेपून मरेल." त्यांनी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडल्या. एक पट्टी कडेवर ठेवायची, झाकण लावायचं, पट्टी ओढून बघायची. घट्ट. चार बोटं सरकायचं, पुन्हा. घट्ट. बिजागरीच्या जरा अलीकडे एके ठिकाणी पट्टी किंचित कुरकुरत बाहेर आली. बाबांनी तिथे पेन्सिलने फुली मारली. हे पुस्तिकेत नव्हतं. त्यानंतर मी ज्या ज्या गाडीत काही ना काही वायर घातली, त्या प्रत्येकीच्या डिकीत कागद घालून बघितलाय.

मागची सीट उचलली तर खाली मुलाची दोन वर्षं सांडलेली: मेणाचे खडू, पॉपकॉर्न, एक मोजा, सत्तावीस सेंट. उंबऱ्यावरची पट्टी टक टक करत उघडत गेली आणि चौथ्या टक्‌ला तिची एक क्लिप तुटली. ती शेवटपर्यंत तशीच होती. पाय टेकला की पट्टी बोलायची.

दुपारपर्यंत केबल पुढे आली. मग प्रश्न आला की ह्या यंत्रातला आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत न्यायचा कसा. यंत्राच्या आतच एक छोटासा एफएम ट्रान्समीटर होता. गाडीच्या रेडिओवर रिकामी जागा शोधायची आणि ह्या यंत्राने त्या जागेवर बोलायचं. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला आवाज शेवटच्या हातभर अंतरासाठी पुन्हा एफएमवर चढवायचा. पिट्सबर्गमध्ये ८८.१ रिकामं सापडलं. पण पिट्सबर्गला रिकामी असलेली जागा शंभर मैलांवर रिकामी असेलच असं नाही. पहिल्याच रविवारी माझ्या जॅझवर ते ओळखीचं प्रवचन येऊन बसलं. उलटंही व्हायचं म्हणे. शेजारच्या गाडीतला कार्यक्रम आपल्या गाडीत ऐकू यायचा. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, असले काही ट्रान्समीटर मर्यादेपेक्षा जास्त ताकदीचे आहेत म्हणून सरकारी खात्याने कंपन्यांना धारेवर धरलं. माझा काही एवढा ताकदवान नसावा. शेवटी मी कॅसेटचा अडॅप्टर आणला. कॅसेटच्या आकाराचा तो तुकडा, त्याला वायर, आणि गाणं सुरू असताना मागे बारीक घर्र घर्र. माझ्यासाठी आजही चांगल्या जॅझला ती घर्र लागते.

रेडिओ सुरू करायचा विधी वेगळाच. शून्य क्रमांकाच्या चॅनेलवर गेलं की पडद्यावर यंत्राचा आठ अक्षरांचा क्रमांक उमटायचा. तो फोनवर सांगायचा. त्या क्रमांकात आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं वापरतच नाहीत. आय आणि एक, ओ आणि शून्य यांचा गोंधळ नको, आणि फोनवर एस आणि एफ सारखेच ऐकू येतात, म्हणून असणार. ज्या कुणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. आयुष्यात पहिल्यांदा मी इथे फोनवर अक्षरं सांगितली आणि पलीकडच्या बाईने "फ्रँक की सॅम?" असं विचारलं नाही.

पैशांचं बोलणं बाबांनी कान देऊन ऐकलं. महिन्याला १२.९५ डॉलर. आदल्याच महिन्यात ९.९९ चे वाढून झालेले.

"म्हणजे रेडिओचं लायसन्सच की," ते म्हणाले. "आम्ही पोस्टात जाऊन भरायचो."

मग गाडी सुरू ठेवून उघड्या आकाशाखाली बसून राहायचं. थोड्या वेळात उपग्रहाकडून संदेश येईल आणि सगळी चॅनेलं उघडतील असं सांगितलं होतं. आम्ही दोघं पुढच्या सीटवर, काचा खाली करून.

"त्याला कसं कळणार आपण इथे आहोत?"

"कळतच नाही, बाबा. तो सगळ्या देशाला ओरडून सांगतो की अमुक क्रमांकाने उघडावं. ज्याचा क्रमांक तो उघडतो."

"आणि उघडला हे त्याला कळतं?"

"नाही. ह्या यंत्राला उलट बोलता येत नाही."

बाबा बराच वेळ काचेतून वर बघत होते. अकराव्या की बाराव्या मिनिटाला एकदम ट्रम्पेट वाजला आणि आम्ही दोघंही दचकलो.

तीन आठवड्यांनी डिकीतून पाण्याचा आवाज यायला लागला. वळणावर खळ्‌ळ. जादा चाकाच्या खळग्यात वीतभर पाणी. बाबांनी टॉर्च मारला, केबलवरून बोट फिरवत टपापासून रबरापर्यंत आले आणि तिथेच त्यांचं बोट थांबलं. चेहरा पडला. पावसाचं पाणी केबलला धरून, उतरणीने, सरळ आत येत होतं. घरात विजेची वायर घेताना बाहेर तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं, आत चढत नाही. "मी शेकडो लोकांना झोळ द्यायला लावलाय," ते म्हणाले, "आणि पोरीच्या गाडीला विसरलो." मी हसले, ते हसले नाहीत. त्यांनी केबल डिकीच्या कडेच्या पन्हळीत खाली उतरवून मग वर रबराखाली घेतली, आणि पुढचे दोन पाऊस मध्यरात्री उठून टॉर्च घेऊन बघून आले.

आता रस्त्याबद्दल. पहिले काही आठवडे मी नुसती हरखून गेले होते. पिट्सबर्गला लावलेलं गाणं हॅरिसबर्गला तसंच स्वच्छ. पुलाखालून जातानाही आवाज तुटायचा नाही. त्याची गंमत नंतर कळली. दोन उपग्रह एकच कार्यक्रम पाठवतात, पण एक दुसऱ्याच्या चारेक सेकंद मागे. यंत्र पुढच्याचं साठवून ठेवतं आणि मागच्याच्या बरोबरीने वाजवतं. दोन्ही दिसेनासे झाले तरी चार सेकंदांची शिदोरी गाठीला असते. ताशी ६५ मैलांनी चार सेकंदांत गाडी शंभरावर मीटर जाते. पूल तेवढे रुंद नसतात.

पण महिन्याभरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. एका रात्री कार्यक्रम रंगला होता, आणि मी भानावर आले तेव्हा कुठे आहे हेच कळेना. अंधार, पांढऱ्या पट्ट्या, समोर तांबडे दिवे. पूर्वी असं व्हायचं नाही. पाटी न बघताही माहीत असायचं: व्हायोलिन गेलं म्हणजे डोंगर चढलो, दुसरं प्रवचन म्हणजे बेडफर्ड मागे पडलं. त्या खरखरीला मी तीन महिने शिव्या दिल्या, आणि माझे मैलाचे दगड तीच होती. नव्या रेडिओला गाव नव्हतं. त्यातली माणसं कुठल्याच ठिकाणचं हवामान सांगत नव्हती. गाव नको म्हणूनच तर तो बसवला होता.

मग हळूहळू त्याच्याही मुक्या जागा सापडायला लागल्या. पिट्सबर्गहून बघितलं तर एक उपग्रह जवळजवळ दक्षिणेला, चाळीसेक अंशांवर. दुसरा नैर्ऋत्येला, आणखी खाली, तिशीत. पूर्वेला जाताना दोघेही माझ्या उजव्या हाताला. उजवीकडे कडा किंवा दाट झाडी रस्त्याला भिडली की आवाज अडखळायचा. एका वळणावर ठरलेली दीड सेकंदाची उचकी. आणि ती फक्त उन्हाळ्यात. नोव्हेंबरात पानं झडली की उचकी बंद, एप्रिल-मेमध्ये पालवीबरोबर परत. टर्नपाइकवर झाडांना पानं फुटल्याचं मला रेडिओने सांगितलं आहे.

सगळ्यात मोठे मुके टप्पे अर्थात बोगद्यांचे. १९४० साली हा रस्ता उघडला तेव्हा सात बोगदे होते, अर्धवट सोडून दिलेल्या एका जुन्या रेल्वेसाठी खणलेल्या वाटेवर. पुढे तीन टाळून बाजूने रस्ता काढला. माझ्या वाटेवर चार उरले. अॅलेगेनी सगळ्यात लांब, जवळजवळ १,८५० मीटर, ५५ मैलांच्या वेगाने सव्वा मिनिट. आत शिरल्यावरही चार सेकंद गाणं चालू, मग शांत. मग टायरांचा आवाज आणि कॅसेटची घर्र. नंतर टस्करोरा. आणि मग किटाटिनी आणि ब्लू माउंटन, अगदी पाठोपाठ. त्या दोघांच्या मधे दोनेकशे मीटरच उघडं आकाश, सात-आठ सेकंदांचं.

जूनमध्ये एकदा बाबा माझ्याबरोबर हॅरिसबर्गला आले. किटाटिनीतून बाहेर पडलो. पडद्यावर 'नो सिग्नल'. एक, दोन, तीन, चार. आणि ब्लू माउंटनच्या तोंडाशी एकदम एका माणसाचा आवाज: "...मंगळवारी..." पुढचा शब्द अर्धा, आणि पुन्हा अंधार.

"मंगळवारी काय?" बाबांनी विचारलं.

बाहेर आलो तेव्हा तिथे बातम्या संपून जाहिरात लागलेली. मंगळवारी काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांनी तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलं: मंगळवारी. (तेव्हा टर्नपाइकवर चढताना कागदाचं तिकीट मिळायचं. आता तिथे टोल घ्यायला माणूसच नाही.) मी त्यांना सांगितलं की इथल्या डोंगररांगा ईशान्य-नैर्ऋत्य अशा पसरल्यात, तेव्हा ती मधली अरुंद दरी नेमकी त्या तिशीतल्या उपग्रहाकडे उघडी असणार. हा आपला माझा अंदाज. बाबा म्हणाले, "म्हणजे खिडकी आहे म्हण."

ऑक्टोबरात आई-बाबा परत गेले. त्यानंतर दर रविवारी रात्री हॅरिसबर्गला पोचून, फोनकार्डावरचे आकडे दाबून मी पोचल्याचं कळवायचे, तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ. आई जेवलीस का विचारायची. मग बाबा फोन घ्यायचे आणि विचारायचे, "आज काय पडलं खिडकीतून?"

"पियानोचे तीन सूर."

"दोन बायका हसत होत्या."

"'तरीसुद्धा'. नुसतं 'तरीसुद्धा'."

ते वहीत लिहायचे. कधी पुढे ट्रक असायचा, कधी यंत्राला वेळेत सूर लागायचा नाही, तेव्हा काहीच नाही. तेही लिहायचे: निरंक. सरकारी नोकरीतला शब्द.

दरम्यान आम्ही व्हॅनसाठी दुसरा संच आणला. खाच, पाय, अँटेना दोन्ही गाड्यांत, यंत्र एकच, म्हणजे लायसन्सही एकच. ह्या वेळी केबल मी एकटीने घातली, कागदाच्या पट्ट्या आणि झोळासकट. सोय उत्तम, फक्त यंत्र नेहमी दुसऱ्या गाडीत. दोन रविवार मी अकरा कॅसेटींवर काढले आणि वहीत 'यंत्र विसरली' अशी नोंद झाली. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यानंतरच्या गाडीत रेडिओ कारखान्यातूनच बसवून आला, टपावर माशाच्या पंखासारखा अँटेना. बसवण्यासारखं काही उरलंच नाही. कॅमरी विकली तेव्हा यंत्र काढून घेतलं, अँटेना पटकन निघाला, पण केबल काढायची तर पुन्हा सगळं उचकटायला लागलं असतं. टोक कापून आत ढकलून दिलं. ती त्या गाडीच्या पोटात तशीच राहिली, झोळासकट.

पण हे नंतरचं. त्याआधीच्या हिवाळ्यातला एक रविवार. ब्लू माउंटनच्या आत की पलीकडे काहीतरी झालं होतं, रहदारी थांबत थांबत चाललेली, आणि माझी गाडी नेमकी त्या दोनशे मीटरमध्ये अडकली. मागे एक काळं तोंड, पुढे एक काळं तोंड, वर चांदण्यांची पट्टी. पडद्यावर चॅनेलचं नाव उमटलं, मग गायिकेचं, मग गाण्याचं. गाणं सुरुवातीपासून लागलं आणि शेवटपर्यंत झालं. निवेदकाने पुढच्याची माहिती दिली. ते गाणंही झालं. वीस मिनिटं मी तिथे होते.

पोचायला उशीर झाला तरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"बाबा, आज दोन गाणी. अख्खी. खिडकीतच अडकले होते."

पलीकडे थोडा वेळ नुसती फोनकार्डाची खरखर. मग वहीचं पान उलटल्यासारखा आवाज.

"अख्खी कशी लिहू?" बाबा म्हणाले. "रकाना एका शब्दाचा आहे."